आग दौलताबादेत, बंब गुजरातेत

रात्री १०.३०
बजाजनगर, तिसऱ्या मजल्यावरची खोली. उद्या पहिली पाळी, बस सव्वासहाला मोहटादेवी चौकात. बाराला झोपायचं असं ठरवून लॅपटॉपवर 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' उघडलं. राज्य बहामनी. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, माझ्याकडे १४७१ चाललंय. 'आयर्नमॅन'वर खेळतोय, म्हणजे सेव्ह एकच. चुकलं तर माघार नाही.

रात्री ११.१५
तुंगभद्रेखालचे पाच प्रांत विजयनगरकडून घेतले. सुरतेकडची पट्टी गुजरातेकडून आधीच घेतली होती. ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे नव्या मुलखाचा ताण, ९२ टक्के. शंभरी ओलांडली की खेळ एकेक संकट अंगावर सोडतो. ९२ म्हणजे अजून आठ शिल्लक, असा हिशोब करणारा मीच.

रात्री १२.०५
झोपलो नाही. खेळात प्रत्येक प्रांताला अनरेस्टचा, म्हणजे असंतोषाचा, आकडा असतो. जुन्या भागात याला सरळ 'रिव्होल्ट रिस्क' म्हणायचे. माउस नेला की कारणं उलगडतात: परधर्म, लढायांचा थकवा, नुकताच जिंकलेला मुलूख. आकडा शून्याच्या वर राहिला की बंडाची पट्टी दहा-दहा टक्क्यांनी भरत जाते. शंभर झाली की माणसं हत्यार घेऊन उभी. दक्षिणेत पट्टी सत्तरवर आली. 'सक्ती'चं बटण दाबलं, लष्करी गुण खर्च झाले, पट्टी खाली आली. पुन्हा भरली. पुन्हा दाबलं. गुण संपले.

रात्री १२.५०
तिजोरीत खडखडाट. आपल्या भागाचा प्रांत (मी त्याला मनात दौलताबादच म्हणतो) श्रीमंत, पण स्वायत्तता जास्त, म्हणून वसूल कमी. स्वायत्तता कमी केली. अनरेस्ट एकदम दहानं वाढला. पण तिथं माझ्या चोवीस पलटणी होत्या, पलटणीमागे पाव अंक कमी. बाकीची वजाबाकी धरून आकडा उणे एक. हिरवा. मी खूश.

रात्री १.३०
सुरतेच्या पट्टीत बंड उठलं. दौलताबादच्या चोवीसही पलटणी तिकडं हलवल्या. उणे एकचे पाच झाले. मी पाहिलं. पाच म्हणजे काय मोठंसं, म्हणून पुढं गेलो.

रात्री २.००
चहा ठेवला. दूध उतू जाताना आठवलं की ही चाल आधी कुणीतरी खेळून गेलंय, तेही आमच्या खोलीपासून गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, दौलताबाद केली. हे सगळ्यांना पाठ, त्यावर विनोदही होतात. पुढचं कुणी सांगत नाही. १३४५ मध्ये गुजरातेत अमीर उठले, म्हणून सुलतान तिकडं गेला. त्याआधीच माळव्यात धार इथं त्याच्या अधिकाऱ्यानं, अजीज खम्मारनं, बोलावून आणलेल्या अमिरांच्या कत्तली केल्या होत्या. मग दौलताबादच्या अमिरांना हुकूम आला: भडोचला या. ते निघाले. पहिल्याच मुक्कामावर त्यांनी ओळखलं की ही बोलावणी कसली आहेत. सोबतच्या पहाऱ्याला कापलं, मागं फिरले, किल्ला आणि खजिना ताब्यात घेतला, आपल्यातल्याच इस्माईल मुखला तख्तावर बसवलं. सुलतान स्वतः धावून आला, जिंकला, वरच्या किल्ल्याला वेढा घातला. तेवढ्यात गुजरातेत तगी नावाच्या माणसाचं बंड झाल्याची बातमी आली. वेढा दुसऱ्यांवर सोपवून तो परत गुजरातेत. मागं अमिरांपैकीच एका हसननं शाही फौज मोडली, इस्माईल बाजूला झाला, आणि ३ ऑगस्ट १३४७ ला हसन दौलताबादेत बहामनी सुलतान झाला. तगीचा पाठलाग करता करता तुघलक १३५१ मध्ये सिंधमध्ये मेला.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण मला खटकलं ते वेगळंच. ते अमीर बंडखोर नव्हते, घाबरलेले होते. धारची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. खेळात अशी बातमी पोचत नाही. मी दक्षिणेत दोन वेळा सक्ती केली, दौलताबादचा आकडा त्यानं हलला नाही. तिथं फक्त माझ्या पलटणींचं ओझं होतं, आणि मी त्याला शांतता समजत होतो.

पहाटे ३.१०
सुरतेचं बंड मोडलं. निम्मी फौज गेली. दौलताबादची पट्टी ऐंशी. सक्तीला गुण नाहीत. स्वायत्तता परत द्यायला गेलो तर बटण करडं: आत्ताच काढून घेतलीय, इतक्यात नाही.

पहाटे ३.४०
शंभर. थकलेल्या पलटणी परतीच्या वाटेवर, फुटीर किल्ल्याला वेढा घालून बसलेले. माझाच किल्ला, आणि बाहेर मीच.

पहाटे ४.३५
किल्ला पडला. दक्षिणेतले तीन प्रांतही उठले. कर्ज मिळेना, दिवाळं जाहीर केलं, तशी उरलेल्या सगळ्या प्रांतांत अनरेस्ट चढला. नकाशावर माझ्या रंगाच्या मधोमध दुसराच रंग उमटला: अहमदनगर. खरं अहमदनगर १४९० चं. मी त्याला दहाएक वर्षं आधीच जन्माला घातलं.

पहाटे ५.१५
गजर. सेव्ह तेवढं एकच, आणि त्यात हे सगळं जसंच्या तसं जपलेलं.

सकाळी ६.१५
बसमध्ये शेजारचा माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला.
"काय रे, रात्रभर काय केलंस?"
"दौलताबाद गेलं."
"दौलताबादला गेलतास? आणि मला सांगितलं नाहीस?"