छिद्रवाटेचा कर्करोग

 पोटाला लहान छिद्रे पाडून केल्या जाणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने मोठी चीर टळून शेतात राबणारी स्त्री लवकर उठू लागली, हे उपकार थोरच. परंतु 1978 मध्येच उदरदर्शनानंतर, म्हणजे दुर्बिणीने पोट तपासल्यावर, छिद्राच्या जागी अर्बुद उद्भवल्याची नोंद हंगेरीतील वैद्यांनी केली होती. उपकरणांस चिकटलेल्या पेशी, अर्बुद ओढून काढतानाचे घर्षण आणि पोटात भरलेला वायू यांवर संशय गेला, आणि अर्बुद पिशवीत घालून काढण्याचा दंडक पडला. संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी हे सारे मराठवाड्यातील हदगावच्या रुग्णेस तिच्या बोलीत सांगितलेच पाहिजे. कारण गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या कर्करोगावरील 2018 च्या चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त स्त्रिया उघड्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत 86 टक्केच आढळल्या.