मलिक अंबर : परका की आपला?

आपल्या भवानी पेठेला परमुलखातून आलेल्या माणसाचे नवल नाही. तेलंगणातून येऊन येथे मागावर बसलेली कितीतरी घराणी आज पक्की सोलापुरी आहेत. पण ती निदान आपल्या पायांनी आली. ज्याला विकून आणले, त्याने कोणती माती आपली म्हणावी?

मलिक अंबर हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, सुमारे १५४८ साली जन्मला. मूळ नाव चापू. अंबर हे धन्याने ठेवलेले. बगदादेहून तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले, आणि हा चंगेजखानही हबशीच होता! १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर याच अंबराने आपल्या शेजारच्या परांड्यास निजामशाही पुन्हा उभी केली. त्याने जमिनीचा कस पाहून सारा ठरविला, १६१० मध्ये खडकी वसविली. १६२४ साली भातवडीस शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुढच्याच वर्षी सोलापूरही त्याने घेतले. जहांगीर त्याला रंगावरून हिणवीत राहिला, पण त्याच्या हयातीत दख्खन काही जिंकू शकला नाही. १६२६ साली अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

अंबर आपला, हे आपण सहज मान्य करतो, कारण तो जिंकला. पण गोव्यात गुलाम म्हणून उतरविलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, सिद्दी, उत्तर कन्नडच्या रानांत आजही राहतात. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले. पराक्रम केला तरच माणूस आपला, हा न्याय इतिहासाला शोभत नाही, आणि आपल्यालाही नाही.