तळटीप : ‘बीड पॅटर्न’

* पीकविम्याचा हा तोडगा २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी निघाला. दुष्काळाचा हा मुलूख. इथे विमा उतरवायला कंपन्या पुढे येईनात. अखेर सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीने काम घेतले. अट अशी, की जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यावरची राज्य सरकारने; भरपाई फारच कमी निघाली, तर कंपनीने हप्त्याचे २० टक्के ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करायची. हप्ता म्हणजे केवळ शेतकऱ्याने भरलेले पैसे नव्हेत. खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना त्याचा वाटा विमा रकमेच्या कमाल २ टक्के, कापसाला ५. बाकीचा भार केंद्र व राज्याचा. परत येतो तो पैसा मुळात जनतेचाच, आणि या पद्धतीचे खरे मोल मला त्यातच वाटते. पीएम-किसानच्या वार्षिक ६,००० रुपयांशी विम्याच्या भरपाईची गल्लत करू नये. ते थेट साहाय्य आहे, नुकसानीची भरपाई नव्हे. २०२३ च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा वाटा १ रुपयावर आणला. २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली.
—संपादक