मेक्सिकोच्या चर्चमध्ये कोर्दोव्याच्या कमानी

इतिहासातील एका विचित्र पत्रापासून सुरुवात करू. हर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी १५१९ साली मेक्सिकोतील चोलुला नगरीत शिरला. पुढल्या वर्षी आपल्या बादशहाला धाडलेल्या पत्रात त्याने कळविले की, एका उंच देवळावरून आपण या शहरातील चारशेहून अधिक मनोरे मोजले आणि ते सगळे मशिदींचे आहेत!

चोलुलात मशीद असण्याचा प्रश्नच नव्हता. ती तेथील मूळ रहिवाशांची देवळे होती. पण १४९२ साली ग्रॅनडाचे शेवटचे मुस्लिम राज्य बुडाले तेव्हा कोर्तेस सातएक वर्षांचा होता. ख्रिस्ती नसलेले प्रार्थनास्थळ म्हणजे मशीद, एवढेच त्याच्या पिढीला ठाऊक. त्याच शहरात त्याच्या फौजेने दोन तासांत तीन हजारांवर माणसे कापली. हा आकडा त्याच्याच पत्रातला आहे.

आज चोलुलाला गेलात तर प्रथम एक टेकडी दिसेल व तिच्या माथ्यावर चर्च. ही टेकडी नव्हेच. आकारमानाने जगातील सर्वांत मोठा समजला जाणारा पिरॅमिड मातीगवताखाली दडला आहे. तेथून खाली उतरून फ्रान्सिस्कन मठाच्या आवारात चला. येथे ‘कापिया रेआल’ नावाचे प्रार्थनागृह आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांसाठी ते सोळाव्या शतकात उभारले. पहिले छत कोसळले, मग पन्नासच्या आसपास लहान घुमटांचे छत आले. आत पाऊल टाकताच खांबांमागे खांब आणि कमानींमागे कमानी दिसतात. कोर्दोव्याच्या जामा मशिदीचे चित्र ज्याने पाठ्यपुस्तकात पाहिले आहे, त्याला हे ओळखीचे वाटेल. पाहणारे अभ्यासकही हीच उपमा देतात.

हे घडले कसे? स्पेनमध्ये मुस्लिम राज्ये गेली, पण सुतार, गवंडी आणि कुंभार यांची विद्या राहिली. ख्रिस्ती कारागिरांनी ती आत्मसात केली. ‘मुदेहार’ ही शैली तीच. त्लाश्काला येथील फ्रान्सिस्कन चर्चचे लाकडी छत पाहा. चौकोन-तारकांची ती गुंफण आपल्याकडील जुन्या जाळीकामाची आठवण करून देते. शब्दांतही हा वारसा आहे. रंगीत फरशीला स्पॅनिशमध्ये ‘आसुलेखो’ म्हणतात, तो अरबी ‘अज़्-ज़ुलैज’. गवंडी ‘अल्बान्यील’ हा ‘अल्-बन्ना’. आणि स्पॅनिशमधला नगराध्यक्ष ‘अल्काल्दे’ म्हणजे आपले काझीसाहेबच! साखरेचा ‘आसुकार’ मात्र अरबीमार्गे थेट आपल्या हिंदुस्थानातून तिकडे पोहोचला.

परंतु, विद्यार्थी मित्रांनो, एवढ्यावरून ‘हे सर्व आमचेच’ अशी फुशारकी मारणे बरे नव्हे. मुसलमानांना, इतकेच नव्हे तर बाप्तिस्मा घेतलेल्या त्यांच्या वंशजांनाही, या नव्या मुलखात जाण्यास राजाची मनाई होती. १६०९ पासून तर त्यांना स्पेनमधूनच हाकलले गेले. म्हणजे कला समुद्रापार गेली, कलावंताला मात्र गलबतावर चढू दिले नाही. आणि मेक्सिकोत या भिंती प्रत्यक्ष उभारल्या त्या स्थानिक लोकांनी, बहुधा सक्तीच्या राबणुकीने, पुष्कळदा त्यांच्याच पाडलेल्या देवळांच्या दगडांतून.

चोलुलापासून जवळच पुएब्ला हे शहर आहे. १५३१ साली वसलेले, निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढविलेल्या घुमटांचे. या शहराशी आपले आणखी एक नाते आहे. येथील जेझुइट चर्चमध्ये १६८८ साली ‘कातारिना दे सान हुआन’ या स्त्रीचे दफन झाले. तिचे मूळ नाव मिर्रा. ती मोगल मुलखातील मुलगी. पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळविले. कोचीन, मनिला असे करीत गुलाम म्हणून ती मेक्सिकोला विकली गेली. पुएब्लाच्या एका कप्तानाच्या घरी तिने चाकरी केली आणि पुढे संत म्हणून लोक तिला भजू लागले. ती राजघराण्यातील होती ही कथा आणि मेक्सिकन स्त्रियांचा भरजरी ‘चीना पोब्लाना’ पोशाख तिने रूढ केला ही दंतकथा, दोन्ही मला पटत नाहीत. तो पोशाख पुष्कळ नंतरचा. खरे एवढेच की, एक मूल घरातून नाहीसे झाले आणि परत आले नाही.

कातारिनाला लिहिता-वाचता येत नव्हते. ती हयात असतानाच, १६४६ साली, त्याच शहरात बिशप पालाफोक्स यांनी स्वतःचे पाच हजार ग्रंथ देऊन ग्रंथालय स्थापन केले. ज्याला वाचता येते त्या कोणालाही ते खुले असावे, अशी त्यांची इच्छा होती. ‘पालाफोक्सियाना’ आजही तेथे आहे. पण ‘ज्याला वाचता येते’ या अटीतच किती जणी बाहेर राहिल्या, याचा हिशेब कोण ठेवणार?

त्याच काळी मेक्सिको शहरात सोर हुआना इनेस दे ला क्रूस ही विदुषी होती. लहानपणी तिने आईकडे हट्ट धरला होता की, मला मुलाचा पोशाख घालून विद्यापीठात पाठव. आईने ऐकले नाही. तेव्हा ती आजोबांची पुस्तके वाचून शिकली आणि पुढे अभ्यासाला मोकळीक मिळावी म्हणून जोगीण होऊन सान हेरोनिमोच्या मठात राहिली. १६९० साली पुएब्लाच्या तत्कालीन बिशपने एका जोगिणीचे टोपणनाव घेऊन तिला सुनावले की, लौकिक विद्येत वेळ दवडू नकोस. १६९१ साली तिने दिलेले उत्तर स्त्रियांच्या शिक्षणाच्या हक्काची कैफियत म्हणून आज जगभर वाचले जाते. तरी अखेरच्या वर्षांत तिचे ग्रंथ तिच्या हातून गेले आणि १६९५ साली साथीत आजारी जोगिणींची शुश्रूषा करताना ती वारली.

मेक्सिको शहरी कधी गेलात, तर मोठे कॅथेड्रल पाहून झाल्यावर सान हेरोनिमोकडे पायी निघा. अंतर फार नाही. मठाच्या त्या चौकात आता तिच्या नावाचे विद्यापीठ भरते, आणि मुली कोणताही वेश न बदलता वर्गात जाऊन बसतात.