तोफेचा गाडा ते जीपची कमान : आपल्या गाडीखाली आपण का जावं?



डमडम हे नाव मराठी माणसाला दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक इथला विमानतळ आणि दुसरी इथल्या कारखान्यात जन्मलेली ती पसरणारी गोळी, जिच्यावर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली. आज या दोन्हींबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे चाक आणि चाकावरचा भार यांच्यामध्ये जे असतं त्याबद्दल. गाडीच्या कमानीबद्दल.

निवृत्तीनंतर मी डमडमला राहतो. माझ्याकडे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आहे, पुढेमागे कमानपाटे असलेली. तिचं सस्पेन्शनचं काम मी स्वतः करतो. पाटे उतरवणं, बुश बदलणं, यू-बोल्ट आवळणं, सगळं. शेजारचे बंगाली बाबू विचारतात, "कर्नलसाहेब, पेन्शन मिळते ना? मग मिस्त्रीला का बोलावत नाही?" त्यांना मी चहा पाजतो आणि इतिहास सांगतो. तोच आज तुम्हाला सांगतो.

तोफखान्याचं गाव

१७८३ पासून १८५३ पर्यंत बंगाल आर्टिलरीचं, म्हणजे कंपनी सरकारच्या बंगालमधल्या तोफखान्याचं, मुख्य ठाणं डमडमला होतं. नंतर ते मेरठला गेलं. इथून जवळच, हुगळीच्या काठी काशीपूरला, १८०१ मध्ये तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज एजन्सी स्थापन झाली. काम सुरू झालं १८ मार्च १८०२ ला. म्हणूनच १८ मार्च हा आपला आयुध निर्माणी दिवस. आपल्या सगळ्या आयुध कारखान्यांची वंशावळ मागे नेली, तर ती या गाड्यांच्या कारखान्यापाशी पोचते.

आता विचार करा. तोफ ओतणं अवघड, हे सगळ्यांना कळतं. पण तोफ एकदा ओतली की वर्षानुवर्षं टिकते. मोडतो तो गाडा. तोफेच्या गाड्याला कमान नसायची. रस्त्यातला प्रत्येक दगड सरळ आसावर, आसावरून लाकडावर. वर आपली हवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लाकूड आकसलं की चाकाची धाव ढिली होते, आरे खुळखुळतात. खेड्यात बैलगाडीची धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तोफखान्याबरोबर नुसते गोलंदाज चालत नसत. सुतार, लोहार, खलाशी आणि भट्टीची गाडी बरोबर असायची. चाक मोडलं तर ते काशीपूरला परत पाठवून चालत नसे. जिथे मोडलं तिथेच ते उभं करायचं. सैन्याच्या वाहनांचा हा पहिला नियम, आणि तो इंजिन यायच्या आधीचा आहे. गाडी वर्कशॉपच्या दारात मोडत नाही.

कमान आली

इकडे काशीपूरला गाडे बनत होते, त्याच सुमारास १८०४ मध्ये इंग्लंडात ओबादाया इलियट या माणसाने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पट्ट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचायच्या आणि त्यावर गाडीचा सांगाडा ठेवायचा. पुढे त्याची अर्धी, म्हणजे खालची कमान तेवढी राहिली. मोटार आली तेव्हा ती घोडागाडीकडून हीच कमान घेऊन आली.

हा कमानपाटा मोठा गुणी आहे. एकच वस्तू चार कामं करते. भार उचलते. धक्का खाते. आस पुढेमागे सरकू देत नाही. आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे उसळी थोडी मारलीही जाते. वेगळ्या दांड्या नकोत, वेगळे सांधे नकोत. मुख्य म्हणजे एक पाटा तुटला तरी बाकीचे भार धरून गाडी हळूहळू घरी आणतात.

युद्धातली जीप

आता १९४० मध्ये या. अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती, तीही घाईने. नमुन्यासाठी मुदत अवघी ४९ दिवसांची. बँटम या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबर १९४० ला नमुना आणून उभा केला. मग विलीज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. या जीपखाली काय होतं? तीच घोडागाडीची कमान. चार चाकं, चार कमानी.

जीपचं खरं शहाणपण तिच्या पुस्तकात आहे. १९४४ च्या अमेरिकन सैन्याच्या मॅन्युअलमध्ये देखभालीच्या पायऱ्या पाडल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे स्वतः ड्रायव्हर. कमान बघणं, यू-बोल्ट ढिले आहेत का बघणं, शॅकलला ग्रीस मारणं ही कामं त्याची. पुढचं युनिटचं, त्यापुढचं वर्कशॉपचं. शॅकलच्या आट्यांत एक गंमत आहे. काही शॅकलना सुलटे आटे, काहींना उलटे. उलट्या आट्याचा शॅकल ओळखू यावा म्हणून त्यावर छोटा उंचवटा ठेवलेला. अंधारात, चिखलात, बोटाने चाचपून कळावं. चालवणारा माणूसच दुरुस्त करणार आहे, हे गृहीत धरून ती गाडी बनवली होती.

या गाड्या आपल्या पूर्वेला हजारोंनी आल्या. कलकत्ता बंदरात माल उतरायचा, रेल्वेने आसामात लेडोपर्यंत जायचा आणि तिथून ब्रह्मदेशाच्या डोंगरांत. लेडो रस्त्याचं काम डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झालं. पहिला काफिला १२ जानेवारी १९४५ ला निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या लढाईत आपली चौथी मराठा होती. त्या मुलखात पावसाळ्यात पक्क्या रस्त्यावरची समज चालत नाही. तिथे सेंटर बोल्ट तुटला तर वाटेत वर्कशॉप कुठून येणार?

आपल्याकडच्या ईएमई या दुरुस्ती करणाऱ्या कोअरचा वर्धापनदिन असतो १५ ऑक्टोबर. साल १९४३. म्हणजे ऐन युद्धाच्या मध्यावर स्वतंत्र कोअर उभी करावी लागली. पण ईएमई आली म्हणून ड्रायव्हरची पहिली पायरी रद्द झाली नाही. मी तरुणपणी बटालियनचा एमटी ऑफिसर होतो. आठवड्याच्या देखभालीच्या दिवशी एमटी पार्कमध्ये गाड्यांच्या रांगेपेक्षा गाड्यांखालून बाहेर आलेल्या बुटांची रांग मला जास्त दिलासा द्यायची.

मुंबईची जुळणी

युद्ध संपलं. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीजच्या जीप आणायला सुरुवात केली आणि १९४९ पासून मुंबईत सुटे भाग जोडून जीप उभ्या राहू लागल्या. माझगावचे कामगार जी गाडी जोडत होते, ती महाराष्ट्रभर पसरली. पोलीस, पाटबंधारे, वनखातं, साखर कारखाने, सगळीकडे. तिच्या मागोमाग हमरस्त्यावर पाट्या दिसू लागल्या : 'कमान वर्क्स'. भट्टी, ऐरण आणि पोलादाच्या पट्ट्यांचा ढीग. मला त्यात डमडमच्या तोफखान्याची भट्टीची गाडीच दिसते, फक्त एका जागी उभी राहिलेली.

सैन्यात पुढे जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतली जोंगा आली, मग जिप्सी आली. दोन्ही कमानपाट्याच्या. २०१७ मध्ये सैन्याने ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांची मागणी नोंदवली, आणि या गाडीला पुढेमागे कॉइल स्प्रिंग. बसणाऱ्याला ती नक्कीच सुखाची, वेगात रस्ता चांगला धरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सांधे वाढले, दांड्या वाढल्या, आणि रस्त्याकडेला पाना आणि हातोडा घेऊन जमणारं काम कमी झालं. सोय वाढली की समज कमी करण्याचा मोह होतो. इतिहासात हे नेहमी घडत आलं आहे.

कामाची रीत

आता ज्यांच्याकडे कमानपाट्याची गाडी आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, जिवाची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सांगाड्याखाली मजबूत घोड्या लावायच्या, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे द्यायचे. जुन्या जीपमध्ये एक फसवी गोष्ट आहे. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. ज्याला ही रचना माहीत नाही, त्याचा त्या हँडब्रेकवर भरवसा बसतो. तिथेच घात होतो.

दुसरी, निदानाची. पाट्यांच्या चवडीतून आरपार जाणारा सेंटर बोल्ट आसाची जागा धरून ठेवतो, आणि यू-बोल्ट सगळ्यांना आवळून धरतात. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा ताण त्या बोट एवढ्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. मग एका बाजूचा आस मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. चाकाच्या मध्यापासून सांगाड्यावरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना दोरीने मोजा. फरक आला तर खाली बघा.

तिसरी, आवळण्याची. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, कमानीला भार घेऊ द्या, मग आवळा. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नव्या पाट्यांचे यू-बोल्ट थोडे दिवस चालवून पुन्हा आवळायचे. पाटे बसतात, बोल्ट ढिले होतात.

चौथी, घरी काय करायचं नाही ती. बसलेल्या पाट्याला घरी तापवून बाक देऊ नका. कमानीच्या पोलादाला ताव आणि पाणी दोन्ही मोजून द्यावं लागतं. नुसतं लाल करून वाकवलं तर पोलाद मऊ पडतं आणि आठवड्यात पुन्हा बसतं. ते काम भट्टीवाल्याचं. आपली पायरी कुठे संपते, हे ओळखणंही पहिल्या पायरीचंच काम आहे.

मानेभंजनचे ड्रायव्हर

हे सगळं जुन्या काळाचं कौतुक आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने याच राज्यात दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंजनला जावं. तिथून संदकफूपर्यंत, म्हणजे ३,६३६ मीटर उंचीवर, १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर प्रवासी वाहत आल्या आहेत. चहामळ्यांच्या साहेबांनी आणलेल्या गाड्या पुढे तिथल्या ड्रायव्हरांकडे आल्या. कित्येकींची इंजिनं बदलली, डिझेलची बसवली. सुटा भाग कंपनीकडून मिळायचे दिवस कधीच गेले. तरी गाड्या चालल्या, कारण मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री हा एकच माणूस होता. खडकावर एखादा आवाज आला की तो पाट्याचा की शॅकलचा, हे त्याला बसल्या जागी कळतं. नव्या गाड्या तिथेही येत आहेत. जुन्यांबरोबर हा कान जाऊ नये, एवढंच वाटतं.

मंडळी, प्रत्येकाने गाडी खोलावी असं माझं म्हणणं नाही. पण घाटात ज्या बोल्टवर तुमच्या घरच्यांचा भार असतो, तो बोल्ट तुम्ही एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेला असावा. या रविवारी टॉर्च घ्या, वाका आणि गाडीखाली बघा. गंज कुठे आहे, ओल कुठे आहे, कुठला पाटा चवडीतून सरकला आहे, एवढं जरी दिसलं तरी पहिली पायरी चढलात.

पुढच्या भागात काशीपूरच्या कारखान्याची सविस्तर गोष्ट. तोवर नमस्कार. जय हिंद.