भेंडीच्या बीमधला परका वारसा

'परभणी क्रांती' ही भेंडी तुमच्यापैकी अनेकांनी लावली असेल, खाल्ली तर नक्कीच असेल. तिची कथा नेहमी रोगाच्या बाजूने सांगतात. मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. मला ती बीच्या आतून सांगावीशी वाटते.

रोग म्हणजे केवडा. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळ पांढुरके आणि राठ होते, बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. मुंबई इलाख्यातून १९२४ साली त्याची नोंद झाली. विषाणू पांढऱ्या माशीबरोबर पसरतो, आणि एकदा झाडात शिरला की औषध नाही. दिल्लीहून आलेल्या 'पुसा सावनी' वाणाने काही वर्षे तग धरला. पुढे तोही पिवळा पडू लागला.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी 'पुसा सावनी'चा संकर भेंडीच्या एका भाऊबंदाशी, 'मॅनिहॉट' या जातीशी केला. प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकाच्या हाती आहे, असे त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. एकच जनुक! मग अडचण कुठे?

अडचण बीमध्ये. रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ साली दाखविले की फुलात फलन दोनदा होते. एका फलनातून भ्रूण तयार होतो, दुसऱ्यातून त्याची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष. या भ्रूणाला खाली मूळ आणि वर कोंब जनुकेच नेमून देतात. जर्मनीत गेर्ड युर्गेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मोहरीच्या कुळातील एका इवल्या रोपात अशी जनुके बिघडलेली पाहिली. कोणा भ्रूणाला मूळच नव्हते. दूरच्या जातींच्या संकरात दोन घरच्या सूचना एकमेकींशी जुळत नाहीत. बऱ्याचदा शिदोरी आधी संपते आणि बी पोचट राहते.

भेंडीच्या या संकरातून रोपे उगवली, पण ती अर्धीमुर्धी वांझ. भेंडीची गुणसूत्रे १३० च्या आसपास, भाऊबंदाची त्याहून बरीच कमी. जोड्या लागणार कशा? मग मिळतील तेवढ्या बियांवर भिस्त ठेवून संकराची गाठ पुन्हा भेंडीशीच घातली. आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, पिशवी बांधायची, सकाळी परागकण लावायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच, आणि प्रत्येक पिढीत रोगी झाडे उपटून टाकायची. प्रयोगशाळेतल्या चकाकत्या यंत्रांपेक्षा मला या चिकाटीचे अप्रूप अधिक आहे. परके जनुक राहिले, परकेपणा गेला. १९८६ मध्ये 'हॉर्टसायन्स' या अमेरिकी नियतकालिकात या वाणाची माहिती छापून आली.

विषाणू मात्र थांबला नाही. पुढे अनेक भागांत 'क्रांती'वरही केवडा दिसू लागला, आणि भेंडीचे पैदासकार पुन्हा रानटी भाऊबंदांकडे वळले.