नानांच्या राजदूतचं झाकण

माळव्यातल्या आपल्या मराठी घरांच्या आठवणी म्हटलं की वाडा, देवघर, गणपती आणि होळकरी थाट ठरलेला. आज मी एका फटफटीविषयी लिहितोय. खरं सांगायचं तर फटफटीच्या एका झाकणाविषयी. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊनच बसा.

आमचं घर खातेगावचं. इंदूरहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की कन्नौदनंतर खातेगाव, पुढे नेमावरला नर्मदा, आणि पलीकडे हंडिया, हरदा. हा सगळा टापू होळकर संस्थानच्या नेमावर जिल्ह्यातला. १९४८ साली संस्थान मध्य भारतात गेलं, नंतर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, आणि आपण देवास जिल्हेवाले म्हणून ओळखले जाऊ लागलो. आजोबा महसूल खात्याच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच होऊन राहिले. नाना, म्हणजे माझे वडील, गुरांच्या सरकारी दवाखान्यात होते. म्हैस अडली, बैल फुगला, की रात्री-अपरात्री दार वाजायचं. हरणगाव, अजनास, संदलपूर, नाहीतर खिवनीच्या जंगलाकडची एखादी वस्ती. रस्ता म्हणाल तर काळ्या मातीतली बैलगाडीची चाकोरी.

त्यासाठी नानांनी १९७४ साली राजदूत घेतली. आज पोरं ज्याला 'डर्ट बाइक' म्हणतात तिचं काम आपल्याकडे वर्षानुवर्षं राजदूतनं केलं, फक्त नाव कुणी दिलं नव्हतं. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही गाडी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवायला घेतली. १७३ सीसीचं, टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. दूधवाले, पटवारी, मास्तर, शेतकरी, सगळ्यांची तीच गाडी. १९७३ ला 'बॉबी' सिनेमात तिची धाकटी बहीण झळकली, तेव्हा कॉलेजची पोरं त्या छोट्या गाडीवर लट्टू झाली. नानांची मात्र मोठीच, काळी, आणि कायम चिखलानं माखलेली.

आता झाकणाकडे येतो. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची झाकणं असतात. गिअरच्या बाजूचं जे झाकण होतं, त्याच्यावर बुटाची कड घासून घासून रुपयाएवढी एक जागा गुळगुळीत झाली होती. बाकी गाडी कितीही मळलेली असो, ती जागा चमकायची. आई म्हणायची, "यांच्या बुटाला पॉलिश नाही, पण गाडीला बूट पॉलिश करतो."

ॲल्युमिनियम आपल्या घरांत आलं तेही काही फार जुनं नाही बरं का. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, या दोन तरुणांनी एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्यानं हा धातू काढायची रीत शोधली. त्याआधी तो चांदीसारखा जपायचा धातू होता. आपल्या देशात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी बनवायला सुरुवात केली, तीही बाहेरून आणलेल्या पत्र्यापासून. धातू इथेच वितळवायला १९४३ साल उजाडलं, केरळातल्या अलुपुरमला. पुढे १९६५ ला बाल्को कंपनी झाली आणि तिचा कोरबाचा कारखाना तेव्हाच्या आपल्या मध्य प्रदेशातलाच. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला 'जर्मन'च म्हणाली. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. पूजेला चालायचं नाही, पण पाणी तापवायला पहिलं तेच पुढे.

त्या जर्मनच्या भांड्याबद्दल आजीचा एक नियम होता: सोड्यानं घासायचं नाही, काळं पडतं. आणि काळं पडलंच तर चिंचेचं पाणी उकळायचं, उजळतं. आजीला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण नियम पक्का होता. ॲल्युमिनियमला हवा लागली की अंगावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर धरतो. हाच त्याचा अंगरखा. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतलं लोखंड उघडं करतो. हा थर मात्र चिकटून राहतो आणि आतल्या धातूला राखतो. पण सोडा, चुना, कॉस्टिक असल्या क्षारांपुढे तो टिकत नाही. थर विरघळतो आणि क्षार सरळ धातूला खायला लागतो.

हे सगळं मला कळलं ते उशिरा, आणि एक झाकण घालवून.

नाना गेले २०१६ मध्ये. गाडी त्याच्या बरीच आधीपासून गोठ्याच्या पडवीत उभी होती. शेजारी खताची पोती, वर गळकं छप्पर. चार वर्षांपूर्वी पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा दादाच्या मनात आलं, नानांची गाडी चकाचक करून मांडवाच्या दारात उभी करू. दोन्ही झाकणं काढली. त्यातलं एक दादानं एका वर्कशॉपात दिलं. तिथं ग्रीस लवकर निघावं म्हणून ते कॉस्टिकच्या गरम पाण्यात टाकलं आणि विसरले. बुडबुडे येत राहिले असणार, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाताना हायड्रोजन सुटतो. झाकण परत आलं ते काळंठिक्कर, वर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेलं असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि सिलिकॉन मागे ठेवतं, ती काजळी. मग ती काजळी आणि खड्डे घालवायला त्यांनी झाकण बफवर धरलं. आरशासारखं चमकलं खरं. पण कडा गोल झाल्या, स्क्रूच्या भोकांभोवतीचा उठाव गेला, आणि गॅस्केटची बाजू इतकी उतरली की इंजिनाला बसवलं तर ऑइल गळतं.

दैव बरं, ते दुसऱ्या बाजूचं झाकण होतं. बुटाची खूण असलेलं अजून घरात होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दादा म्हणाला, "हेही देऊ, निदान दोन्ही सारखी दिसतील." मी म्हटलं, थांब.

त्या वेळी मला आठवला तो लहानपणचा कल्हईवाला. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. अंगणात खड्डा, त्यात कोळसा, चामड्याचा भाता. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवायचा. क्षणात पातेलं चांदीचं. तिथं भांड्यावर कथलाचा थर चढतो. कल्हई उडाली तर पुन्हा लावता येते, भांडं तेच राहतं. ॲल्युमिनियमची चमक याच्या उलट आहे. ती चढवत नाहीत, ती खरवडून बाहेर काढतात. प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणून हे काम करताना आधी ठरवायचं ते एवढंच: काय राहू द्यायचं.

मग मीच बसलो, ओसरीवर, सुटीच्या दिवसांत. कुणाला उपयोग होईल म्हणून रीत सांगतो.

आधी रॉकेल किंवा डिझेल आणि नायलॉनचा ब्रश. लोखंडी तारेचा ब्रश नको, ओरखडे पडतात आणि लोखंडाचे कण धातूत रुतून नंतर गंजाचे ठिपके येतात. मग साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. आपली काळी माती किंचित क्षारीय असते, ओली राहिली की डाग पाडते. आणि पडवीतल्या खताच्या पोत्यांनी काय केलं ते तेव्हा दिसलं: पोटॅशच्या खतातलं क्लोराइड आणि पावसाळी ओल मिळून पांढरट भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

त्यानंतर वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून. खोल ओरखडा असेल तिथेच ३२० नंबर, नाहीतर सरळ ४०० पासून. मग ६००, ८००, १०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, आधी आडवी तर मग उभी. म्हणजे मागच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते डोळ्यांना कळतं. घाईत एक नंबर गाळला तर शेवटी चमकेत तो ओरखडा चुगली करतो. मग सुती बफ आणि तपकिरी मसाल्याची वडी, अगदी हलक्या हातानं. जिथं लोखंड घासलंय त्या मशिनवर ॲल्युमिनियम घासायचं नाही; ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाची ठिणगी एकत्र आली तर पेट घेते. तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, आणि सैल बाही, ओढणी मशिनपासून लांब. शेवटी मेणाचा पातळ हात. लॅकर मी टाळलं. कालांतरानं पिवळं पडतं आणि खाली ओल गेली की पापुद्रे निघतात.

आणखी एक. त्या काळच्या गाड्यांवर झाकणं घासलेली असायची, पण बाकीचं इंजिन बहुधा साच्यातून निघालं तसंच, खरबरीत. सगळंच आरसा करणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला नवरदेवाचा फेटा बांधण्यासारखं. मी झाकणावर १००० नंबरला थांबलो, बफचा एकच हात दिला. मंद, दुधाळ चकाकी आली. आणि बुटाच्या त्या जागेला कागद लावलाच नाही. भोवती कागदाची चिकटपट्टी लावून ती झाकून ठेवली होती.

मध्ये पुण्याचा भाचा आला होता, त्याची एक्सपल्स घेऊन. ते सगळं बघून म्हणाला, "मामा, माझ्या हँडलच्या रंगीत क्लॅम्पला पण असंच कर ना, रंग उडालाय." त्याला म्हटलं, अरे, ते ॲनोडाइज केलेलं आहे. विजेवर तोच ऑक्साइडचा अंगरखा मुद्दाम जाड करतात आणि त्यात रंग भरतात. घासलंस तर रंग परत यायचा नाही, उरलेलाही जाईल. ते काम प्लेटिंगवाल्याचं. गंमत म्हणजे तो जुना थर काढायला कॉस्टिकच वापरतो, पण मोजून, घड्याळ लावून. वस्तू तीच, हात वेगळा.

लग्नात गाडी उभी राहिली. एक झाकण आरसा, दुसरं मंद. दादा कुरकुरला, "अर्धवट दिसतंय रे." पाहुण्यांनी फोटो काढले ते आरशाच्या बाजूनं, हेही खरं. संध्याकाळी आई काठी टेकत आली. ती त्या बाजूला गेलीच नाही. दुसऱ्या बाजूला वाकली, त्या रुपयाएवढ्या जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "इथं यांचा पाय असायचा." मग दादाला म्हणाली, "हे कुणाला घासायला देऊ नका."

त्यानंतर दादानं तो विषय काढलेला नाही. खराब झालेलं झाकण आम्ही फेकलेलं नाही, त्याच्या जागी इंदूरच्या जुन्या बाजारातून दुसरं शोधतोय. दर दसऱ्याला आई गाडीला हळदकुंकू लावते, आणि नंतर मी ते ओल्या फडक्यानं पुसून घेतो. कुंकवात चुन्याचा अंश असतो ना.

तुमच्याकडे कुणाची राजदूत, येझदी, बुलेट पडवीत उभी असेल तर वर्कशॉपात देण्याआधी एकदा उजेडात नेऊन नीट बघा. हात, बूट, गुडघा कुठे लागत होता ते शोधा. आणि सापडलं तर इथे जरूर लिहा, कुणाची खूण होती ती.